वाघजाईच्या सड्यावरची पाहणी

अंबाडा आणि हेल्मेट ही दोन्ही एका डोक्यावर राहू शकत नाहीत, असं सरोजकाकू चिवट्यांनी जाहीर केलं आणि आमची बैठक तिथेच अडली.

बेबीताईंनी प्रयोग करून दाखवला होता. नमुन्यादाखल आणलेलं हेल्मेट त्यांच्या अंबाड्यावर असं टेकलं होतं, की खाली बेबीताई आणि त्यांच्या डोक्यावर आणखी कोणीतरी बसलंय असं वाटावं. पट्टा हनुवटीपर्यंत पोचत नव्हता.

"मग उत्सवाच्या दिवशी सगळ्यांनी वेणी घालूया," मी म्हणाले.

"देवीपुढे वेण्या घालून जायचं?" सरोजकाकू म्हणाल्या. "शाळेची सहल आहे का गं, सुनबाई?"

त्या पोस्टातून निवृत्त झालेल्या आणि मुक्ताई भजनी मंडळाच्या अध्यक्ष. कुठलाही विषय उलटसुलट बघितल्याशिवाय त्या पुढे सरकवत नसत. गाड्या देणाऱ्या नलवड्यांकडे मोठ्या मापाची हेल्मेटं आहेत का, हे फोन करून विचारू, असं मी सुचवलं. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या माझ्या सासूबाई बोलल्या.

"फोनवर माप कळत नाही, संपदा. माप प्रत्यक्षच घ्यावं लागतं."

त्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या, त्यामुळे मापाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता. पुन्हा एकदा सड्यावर जाऊन पाहणी करावी, असं ठरलं. मी दारामागे लावलेल्या नियोजनाच्या मोठ्या कागदावरची तारीख खोडली. तो कागद आता दुरून पावसात भिजल्यासारखा दिसायला लागला होता.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. माझं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी नाशिकची, कराडला डुबलांच्या घरी आले, आणि तिथल्याच एका पंपांच्या कारखान्यात नियोजन विभागात लागले. कुठला माल कुठल्या यंत्रावर कधी चढवायचा हे ठरवणं माझं काम. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात आई, म्हणजे सासूबाई कुमुदिनी, माझा नवरा रणजित आणि मी. रणजितचं बॅटऱ्यांचं दुकान होतं आणि जगातल्या प्रत्येक वस्तूतून शॉक बसू शकतो, अशी त्याची धारणा होती.

मंडळाला निमंत्रण आलं होतं वाघजाईच्या उत्सवाचं. पाटणच्या वरच्या अंगाला एक लांबच लांब सडा आहे, सगळा कातळ, गवत आणि पवनचक्क्या. त्याच्या पार टोकाला देवीचं देऊळ. पवनचक्क्यांपर्यंत गाडीरस्ता आहे, पण पुढे एक घळ लागते, आणि घळीतला रस्ता आदल्या पावसाळ्यात वाहून गेला होता. त्यापुढे चालत जायचं. पखवाज, पेटी आणि मंडळातल्या सगळ्यांचे गुडघे घेऊन ते शक्य नव्हतं.

तोडगा आईंनीच सुचवला. दिवाळीनंतर मंडळाची सहल सड्यावर गेली होती, तेव्हा नलवडे नावाच्या गृहस्थांच्या टपरीवजा हॉटेलात सगळ्या पिठलंभाकरी जेवल्या होत्या. नलवडे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी पर्यटकांसाठी एटीव्ही आणून ठेवल्या होत्या. चार फुगलेली चाकं, स्कूटरसारखं हँडल, आणि बसायचं घोड्यावर बसल्यासारखं. दगडधोंडे, चिखल, कशातूनही जाते. आपण सगळ्यांनी त्यावरून जावं, असं आई म्हणाल्या. ज्या बाई रिक्षावाल्याला दर वळणाला हळू घे म्हणायच्या, त्यांच्या तोंडून हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की नियोजन मी करते असं मी स्वतःहून बोलून गेले.

एटीव्ही हा शब्द मंडळात कोणाच्या तोंडी बसला नाही. बेबीताई तिला एसटीव्ही म्हणायला लागल्या आणि नलवड्यांकडे बघता सगळ्यांना तेच बरोबर वाटलं.

पहिल्या पाहणीला आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर करून गेलो. नलवडे उंच, किडकिडीत, हातातल्या फडक्याने सारखं काहीतरी पुसणारे. ते कमी बोलायचे, आणि बोलायचे तेही बहुतेक गाडीबद्दल. उजव्या अंगठ्याखालची खिट्टी दाबली की गाडी पुढे जाते, सोडली की थांबते, एवढं त्यांनी समजावलं. मागे जायचं बटण कुठलं ते मात्र सांगायचं राहिलं. ते बेबीताईंनी स्वतः शोधून काढलं. त्या अत्यंत शांत चेहऱ्याने, आमच्याकडे बघत, उलट्या दिशेने लांब लांब गेल्या आणि गवताच्या गंजीत शिरल्या. गंजी त्यांच्या अंगावर हळूच बसली. आम्ही उकरायला लागलो तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, की गाडी चांगली आहे, फक्त तोंड चुकीच्या बाजूला बसवलंय.

मग आई बसल्या. त्यांनी पदर खोचला, देवाला करतात तसा हँडलला नमस्कार केला आणि निघाल्या. वेग असा, की शेजारून नलवडे चालत होते आणि त्यांना अधूनमधून थांबावं लागत होतं. वळायच्या आधी आई हात आडवा करून इशारा द्यायच्या. सड्यावर तेव्हा त्यांच्याशिवाय फक्त दोन म्हशी होत्या. पवनचक्कीला एक फेरी घालून त्या परत आल्या आणि आणखी एक घालते म्हणाल्या. नलवडे पुन्हा शेजारून चालत गेले.

परतताना मी टेम्पोतच आराखडा केला. गाड्या किती, कोणामागे कोण, सामान कुठे. माझ्या हिशेबाने सगळं ठरल्यात जमा होतं.

पण दर बैठकीत काहीतरी निघायचं. दवाने पखवाजाची शाई खराब होईल का? म्हणून पहाटेचं दव बघायला एकदा जायचं. पवनचक्क्यांचा वारा कुठल्या बाजूने येतो, म्हणजे पदर कुठल्या बाजूला खोचायचा? तो वारा बघायला एकदा. देवीकडे जाताना उजवी घालून जायचं, तर पवनचक्क्या डाव्या हाताला ठेवाव्या की उजव्या? हा प्रश्न कोणी काढला आठवत नाही, पण त्यासाठीही आम्ही गेलो. कारखान्यात मी एवढ्या वेळात निम्म्या महाराष्ट्राला पुरतील इतके पंप मार्गी लावले असते.

प्रत्येक वेळी बायका हॉटेलात पिठलंभाकरी खात बसायच्या आणि आई सराव करायच्या. त्या आता चांगल्या चालवायला लागल्या होत्या. कातळावरून, खड्ड्यांतून, एकदा तर ओढ्यातून. तरी नलवडे आपले शेजारून चालायचेच, फक्त आता त्यांना दम लागायचा. मी त्यांना सांगितलं, की मॅडमना सोबतीची गरज राहिलेली नाही, तुम्ही तेवढ्या वेळात घळीची मापं घ्या. त्यांनी हातातलं फडकं घडी करून खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, आणि घळ कुठे पळून जात नाही, असं म्हणाले.

एका रविवारी आम्ही आमच्या हॉलमध्ये तालीम ठेवली. प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक मांडल्या, प्रत्येकीने आपापल्या क्रमाने बसायचं आणि पुढच्या बाईने हात वर केला की थांबायचं. आई सर्वांत पुढे, हेल्मेट घालून. "घळ आली," असं त्या म्हणाल्या की सगळ्यांनी मागे रेलायचं. "चढ," म्हणाल्या की पुढे वाकायचं. एका चढाला बेबीताईंच्या खुर्चीचा पाय मोडला आणि त्या सरोजकाकूंच्या पाठीवर गेल्या. नेमका तेव्हाच रणजित दुकानातून घरी आला. त्याने त्या रांगेकडे पाहिलं, चपला हातात घेतल्या आणि भिंतीकडेने आत गेला.

आतल्या खोलीत तो मला म्हणाला, की हे थांबव. आईचं हाड मोडलं तर या वयात जुळत नाही. तू नियोजनवाली आहेस ना, मग असं काहीतरी नियोजन कर की ते होणारच नाही. मी म्हटलं, त्यासाठी माझी गरजच नाही, मंडळ समर्थ आहे. आणि तू स्वतः आईंशी बोल.

तो बोलायला गेला. आई म्हणाल्या, बस, मलाही तुझ्याशी बोलायचंय. हे ऐकताच त्याला दुकानात काहीतरी राहिल्याचं आठवलं आणि तो गेला. सासरे गेल्यापासून त्याचं हे असंच होतं. घरात कोणी गंभीर आवाजात "बस" म्हटलं, की तो उठायचा.

मग उत्सव आठवड्यावर आला असताना देवस्थानच्या विश्वस्तांचा मला फोन आला. घळीत दगड भरून रस्ता दुरुस्त झाला होता. आता जीप थेट देवळाच्या पायरीशी जात होती.

मी आनंदाने संध्याकाळी तातडीची बैठक बोलावली. सगळ्यांना चिवडा दिला आणि बातमी सांगितली. हेल्मेट नको, पदर खोचणं नको, दोन जीप केल्या की झालं.

सगळ्या बायका आईंकडे बघायला लागल्या. आई चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करत होत्या.

"मला जीप लागते," सरोजकाकू म्हणाल्या.

"मलाही," बेबीताई म्हणाल्या. मग एकेक करून सगळ्यांनाच जीप लागायला लागली. आमच्या टेम्पोत घाटातल्या वळणांवर भेळ कालवून खाणाऱ्या या बायका. मी विचारलं, की मला एक, फक्त एकच खरं कारण सांगा. त्यावर आई उठल्या.

"संपदा, चहा टाकूया. आत ये."

स्वयंपाकघरात त्यांनी पातेलं गॅसवर ठेवलं. पाणी घालायला विसरल्या. मी घातलं.

"जीप नको," त्या म्हणाल्या.

"पण का?"

"जीपला नलवडे लागत नाहीत."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचे कान लाल होताना मी आधी पाहिले नव्हते. मग इतके दिवस माझ्या कागदावर जे जे खोडलं गेलं होतं, ते सगळं मला एका झटक्यात नीट वाचता आलं. दव, वारा, अंबाडा. मला हसू यायला लागलं आणि मी ते दाबलं, कारण त्या हसत नव्हत्या.

"त्यांनी विचारलंय मला," आई म्हणाल्या. "गाडीशेजारून चालता चालता विचारलं. त्यांच्या मंडळी जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. मी अजून उत्तर दिलेलं नाही."

"बाहेर सगळ्यांना माहीत आहे?"

"विचारल्याचं आता कळलं. आमचं जमतंय हे मात्र दिवाळीनंतरच्या सहलीपासून."

"आणि मलाच नाही?"

"तुला सांगितलं असतं, तर तुला रणजितपासून लपवावं लागलं असतं. ते मला सुनेच्या डोक्यावर टाकायचं नव्हतं."

चहा उतू जायला लागला. मी गॅस बारीक केला. तुम्हाला काय उत्तर द्यायचंय, असं मी विचारलं.

"हो म्हणायचंय. पण आधी रणजितला सांगायचं आणि मग त्यांना. त्याची परवानगी मागणार नाही मी. पण माझ्या तोंडून कळल्याशिवाय त्याला दुसरीकडून कळायला नको. आणि तो तर सांगायला बसलं की उठतो."

मी थोडा विचार केला. सहा महिने फुकट गेलेली माझी नियोजनबुद्धी एकदम जागी झाली.

"मग त्याला उठताच येणार नाही, अशा ठिकाणी बसवूया," मी म्हणाले.

उत्सवाच्या दिवशी आम्ही एसटीव्हीवरूनच निघालो. देवीला शब्द गेलाय, असं सरोजकाकूंनी रणजितला सांगितलं होतं. रणजित येणार हे मला माहीतच होतं. आईला एकटी सोडण्यापेक्षा प्रथमोपचाराची पेटी घेऊन सोबत यायचं, असंच त्याच्यासारख्या माणसाचं असतं. सगळ्यांत पुढे नलवडे. त्यांच्यामागच्या गाडीवर आई, आणि आईंच्या पाठीशी बसून रणजित. वजनाचा समतोल राहायला तिथे कोणीतरी हवंच, असं मी त्याला कागदावर रेघा मारून पटवलं होतं. एका हातात त्याला देवीच्या ओटीची पिशवी दिली होती, म्हणजे दुसऱ्या हाताने तो मागची दांडी धरणार आणि उडी मारायला हात मोकळा राहणार नाही. तिसऱ्या गाडीवर मी आणि माझ्यामागे सरोजकाकू. मग पखवाज बांधलेल्या बेबीताई, आणि बाकीच्या नलवड्यांच्या माणसांमागे.

नव्या रस्त्याने न जाता आम्ही जुन्या वाटेने घळीत उतरलो. करवीची झुडपं दोन्ही बाजूंनी घासत होती, गाड्या एकेका दगडावरून कलंडत होत्या. ठरल्याप्रमाणे घळ सुरू झाल्यावर आईंनी मान किंचित मागे वळवली आणि त्या काहीतरी बोलल्या. इंजिनांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. रणजितलाही आलं नसावं, कारण तो पुढे झुकून "काय?" म्हणाला. आई पुन्हा बोलल्या. तो पुन्हा "काय?" म्हणाला.

तेवढ्यात पुढे उतार कसा आहे ते बघायला नलवड्यांनी हात वर केला आणि आपली गाडी बंद केली. तालीम पक्की असल्यामुळे मागे आम्ही सगळ्यांनी झटकन गाड्या बंद केल्या. आई तिसऱ्यांदा बोलण्याच्या भरात होत्या. त्यांनी फक्त गाडी थांबवली, वाक्य थांबवलं नाही.

"लग्न करतेय मी! नलवड्यांशी!"

घळीने ते दोनदा म्हणून दाखवलं.

नलवडे गाडीवर बसल्या बसल्या मागे वळले. त्यांना त्यांचं उत्तर असं मिळालं. ब्रेकवरचा त्यांचा हात सुटला असावा, कारण त्यांची गाडी त्यांना घेऊन अगदी हळूहळू पुढे घरंगळायला लागली. ते तसेच आईंकडे बघत बघत उतारावरून खाली गेले आणि करवीत जाऊन थांबले. रणजितच्या हातातून पिशवी सुटली आणि ओटीचा नारळ टणाटण उड्या मारत त्यांच्यामागे गेला.

माझ्या पाठीमागून सरोजकाकूंनी मोठा श्वास सोडला. अगदी मागे बेबीताईंनी पखवाजावर एक थाप मारली. चुकून मारली, असं त्या अजूनही सांगतात.

रणजित उठायला गेला. पण एका बाजूला उभा कडा होता, दुसऱ्या बाजूला काटे, आणि गाडी कललेली. तो परत बसला. आईंनी गाडी सुरू केली, आणि देवळापर्यंत तो त्यांच्या पाठीशी बसून होता.

देवळात भजन झालं. आई त्या दिवशी दोन कडवी विसरल्या. रणजित सभामंडपाच्या खांबाला टेकून उभा होता आणि समोर, दुसऱ्या खांबाला टेकून नलवडे, करवीची पानं अजून केसांत. मी मधे बसून टाळ वाजवत होते आणि माझा ताल कधीच सुटला होता. रणजित हात उचलणारा माणूस नव्हता. पण तो पाठ फिरवू शकत होता, आणि आईंना त्याचंच भय होतं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

आरती झाल्यावर तो सरळ नलवड्यांकडे चालत गेला. मी टाळ ठेवून मागे गेले.

"आईला दुपारी चहा लागतो," तो म्हणाला. आवाज दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलावा तसा कोरडा होता. "बिनसाखरेचा. तिची शुगर काठावर आहे. डॉक्टरांनी बजावलंय. ती स्वतः मागत नाही, आपण द्यायला लागतो."

नलवड्यांनी फडकं काढून तळहात पुसले. खोटं बोलणं त्या माणसाला जमत नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं.

"दोन चमचे घालतात त्या," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

रणजितने देवळाबाहेर पाहिलं. आई गाडीवर बसल्या होत्या.

"आई," तो म्हणाला, "दोन चमचे?"

आईंनी गाडी सुरू केली. आवाजात काही ऐकू येत नाही, असं त्यांनी त्याला हाताने खुणावलं, खिट्टी दाबली आणि त्या निघाल्या. रणजित काही अंतर त्यांच्यामागे पळाला, पण त्या थांबल्या नाहीत. धुळीत त्यांचा पदर दूर दूर जात राहिला.

बाकीच्या बायका आपापल्या जागी बसल्या. सगळ्या गाड्या भरल्या होत्या. मोकळी जागा एकच होती, नलवड्यांच्या मागे. नलवडे गाडी चालू करून थांबले होते, पुढे बघत.

रणजित आला आणि त्यांच्यामागे बसला. त्याने मागे हाताने दांडी चाचपली. नलवड्यांच्या गाडीला दांडी नव्हती.

"धरायचं कुठे?" त्याने विचारलं.

"मला धरा," नलवडे म्हणाले.

रणजितने हात मांड्यांवर ठेवून पाहिले. मग सीटच्या कडेला लावून पाहिले. गाडीने पहिल्या दगडावर उडी मारली तेव्हा त्याने नलवड्यांच्या कमरेला दोन्ही हातांची मिठी घातली, आणि पवनचक्क्यांपर्यंत सोडली नाही.